महागडी सिगार, अकरा महिने आणि एक वही

वहीतली शेवटची नोंद 41 क्रमांकाची आहे. अकरा महिन्यांपूर्वी पहिली नोंद केली तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. साध्या, हातानेच वळलेल्या सिगारच्या आठ-दहापट पैसे मोजून जी सिगार घेतो, तिच्यात आठ-दहापट असतं तरी काय? विकणाऱ्याला विचारलं तर तो गालातल्या गालात हसतो. जुन्या शौकिनांना विचारलं तर ते धूर सोडत म्हणतात, "ओढ, म्हणजे कळेल." म्हटलं, ओढूनच बघू, पण हिशेब ठेवून.

तीन गट केले. पहिल्यात गठ्ठ्याने मिळणाऱ्या, पेटीचा थाट नसलेल्या सिगार. दुसऱ्यात त्यांच्या अडीच-तीनपट किमतीच्या, निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या नावाजलेल्या कारखान्यांचा नेहमीचा माल. तिसऱ्यात आठपटीपासून पुढच्या: क्युबन, वर्धापनदिनाच्या खास मालिका, 'मर्यादित आवृत्ती' वगैरे. आकार शक्यतो एकच ठेवला, रोबुस्टो. म्हणजे साधारण 5 इंच लांबी आणि 50 रिंग गेज. हे रिंग गेज म्हणजे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेली जाडी, तेव्हा 50 म्हणजे जवळपास 20 मिलिमीटर. आकार सारखा ठेवला नाही तर तुलनेत काही राम राहत नाही. बारीक सिगारमध्ये वरच्या पानाची, म्हणजे रॅपरची, चव आतल्या मालाच्या मानाने जास्त जाणवते आणि तीच पानं एकदम वेगळी वाटतात.

सुरुवात फजितीने झाली. पहिली महागडी सिगार मी रिकाम्या पोटी ओढली. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात फिरवून सोडतात, त्यामुळे निकोटिन काही चढणार नाही अशी माझी भाबडी समजूत. सिगारचा धूर सिगारेटच्या मानाने अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटिन थेट तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं, हे नंतर वाचलं. अर्ध्यावर आलो तर कपाळाला थंड घाम, पोटात ढवळायला लागलेलं. साखरपाणी पिऊन आडवा झालो. वहीत तिसऱ्या क्रमांकासमोर चवीच्या रकान्यात फक्त "भिंत हलते आहे" एवढंच लिहिलेलं आहे. एवढे पैसे मोजून भिंत हलवून घ्यायची तर त्याहून स्वस्त उपाय आहेत.

पण खरा घोळ पुढे झाला, आणि या अकरा महिन्यांत जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या घोळातून शिकलो. मी एक देखणा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल टिकवणारी पेटी, घेतला. आतून सीडरच्या सुवासिक लाकडाचं अस्तर, झाकणात काट्याचा पितळी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र. पुस्तकी नियमाप्रमाणे आतली आर्द्रता 65 ते 70 टक्के हवी. काटा 61-62 वर यायचा, की मी लगेच स्पंजाला पाणी पाजायचो. काटा सत्तरावर आला की समाधान. आणि तरीही सिगार नीट जळेनात. एका बाजूने भराभर जळत जायच्या, दुसरी बाजू तशीच राहायची, दर पाच मिनिटांनी विझायच्या, ओढायला जड लागायच्या, शेवटी शेवटी तोंडात आंबट-कडू काहीतरी राहायचं. महागड्या गटातल्या चार सिगारपुढे मी "टुकार" असा शेरा मारून मोकळा झालो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं काहीबाही मित्राला फोनवर सांगितलंही.

मित्र या बाबतीत माझ्याहून दहा वर्षं पुढे आहे. तो म्हणाला, "काटा तपासलास का?" तपासायची रीत सोपी आहे. छोट्या झाकणात मीठ घ्यायचं, ते ओलसर लगदा होईल इतकंच पाणी टाकायचं, मिठाचं पाणी होऊ द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात दिवसभर ठेवायचे. संपृक्त मिठाच्या वर बंद जागेत आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते, ही भौतिकशास्त्राची गोष्ट आहे, त्यात हायग्रोमीटरचं काही चालत नाही. माझा काटा दाखवत होता 66. म्हणजे तो नऊ अंक कमी सांगत होता, आणि मी सत्तर समजून सिगार 79 टक्क्यांत भिजवत होतो. तंबाखूचं पान ओलावा शोषून फुगतं. आतली हवेची वाट चोंदते, जळणं अडखळतं. दोष सिगारचा नव्हता, माझाच होता.

पहिल्या चार महिन्यांच्या नोंदींवर मी आडवी रेघ मारली. देखणी पेटी कपाटावर गेली, तिच्यात आता किल्ल्या असतात. सिगार गेल्या घट्ट झाकणाच्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत 65 टक्क्यांची, आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी पाकिटं. ही पाकिटं हवा कोरडी झाली तर ओल सोडतात, दमट झाली तर ओढून घेतात. डबा आणि पाकिटं मिळून खर्च एका महागड्या सिगारइतकाही नाही. तापमान तेवढं 24-25 अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण त्या उबेत पानातली किड्यांची अंडी उबतात आणि मग सिगारला टाचणीएवढी भोकं दिसू लागतात. दोन महिने मुरल्यावर त्याच "टुकार" पेटीतली एक काढली. सरळ, एकसारखी जळत गेली. राख दीड इंच तशीच टिकली. त्या क्षणी मला आधीच्या शेऱ्याची लाज वाटली आणि पैशांचंही वाईट वाटलं, कारण तोवर त्या पेटीतल्या चार गेल्या होत्या.

हे एवढं लांबण लावून सांगतोय, कारण महागडी सिगार चांगली की वाईट यावर मत देणाऱ्यांपैकी किती जणांनी आधी आपला काटा तपासला असेल, असा प्रश्न मला आता पडतो.

तर पहिल्या गटाबद्दल. दुरुस्त डब्यात ठेवूनही या सिगारमध्ये एक गोष्ट वारंवार आली, ती म्हणजे नाकात चढणारा तिखट, अमोनियासारखा वास. हा कच्च्या पानाचा वास असतो. सिगारचं पान वाळवल्यावर त्याचे मोठे ढीग रचतात, स्पॅनिशमध्ये 'पिलोन'. ढिगाच्या पोटात पान स्वतःच्याच उबेने तापतं, आंबतं, त्यातून अमोनिया बाहेर पडतो. ढीग फार तापला तर पान करपून वाया जातं, म्हणून तो फोडून, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत करून पुन्हा रचतात. असं कितीदा करायचं, मग पान किती वर्षं गोणीत पडू द्यायचं, यावर चव ठरते. आणि हा सगळा काळ कुणाचे तरी पैसे अडकून पडलेले असतात. स्वस्त सिगारमध्ये या वेळेलाच कात्री लागते. सिगारचे तीन भाग धरले तर पहिला बरा लागतो, मधला सोसतो, शेवटी जीभ सोलून निघते.

मधल्या गटावर आलो की फरक डोळे मिटून कळतो. इथे पानांची निवड झालेली असते. एकाच झाडाची पानं, पण खालचं वोलादो सौम्य आणि चटकन जळणारं, मधलं सेको वासाला चांगलं, वरचं लिखेरो ऊन पिऊन जाड झालेलं, जोरदार आणि हळू जळणारं. लिखेरो मधोमध आणि बाकीची त्याच्याभोवती अशी रचना हवी. ते कडेला सरकलं तर त्या बाजूचं जळणं मागे पडतं. वळणाऱ्याचा हात इथे दिसतो. एस्तेलीच्या काळ्या मातीतल्या पानाची मिरीसारखी चुणचुण आणि खालापाच्या खोऱ्यातल्या पानाचा गोडवा, दोन्ही निकाराग्वाचेच, पण एकत्र आले की मजा येते. माझ्या वहीत या गटापुढे "भाजलेली कॉफी", "जुनं चामडं", "पावसानंतरची माती" असले शब्द सापडतात. पहिल्या गटापुढे बहुतेक "ठीक".

मग तिसऱ्या गटात याच्याही पुढे काय आहे? काही गोष्टी नक्की आहेत. रॅपरचं पान हे सिगारमधलं वजनाला सर्वांत महाग पान, त्यावर डाग, जाड शीर, भोक काहीच चालत नाही. कनेक्टिकटमध्ये त्यासाठी शेतांवर कापडाचे मांडव घालून सावली करतात. इक्वेडोरमध्ये ढगच ते काम करतात. महागड्या सिगारचं रॅपर हातात घेतलं की त्याचा तुकतुकीतपणा, शिवणीचा मागमूस नसणं, टोकावरची गोल टोपी, हे सगळं पाहूनच बरं वाटतं. पानांचं वयही जास्त असतं. माझ्या अनुभवात या सिगारचा शेवटचा एक तृतीयांश भाग बाकीच्यांहून स्वच्छ लागला. कडवटपणा येतो, पण उशिरा आणि बेताने. (गडद रॅपर म्हणजे जोरदार सिगार हा समज मात्र सोडून द्या. गडद मादुरो पान अनेकदा गोडसर असतं आणि फिकट दिसणारी सिगार आडवं पाडू शकते. मला विचारा.)

पण हा फरक किती मोठा? इथे मित्राने एक खोडी काढली. अठरा सिगार घेतल्या, प्रत्येक गटातल्या सहा. त्याने सिगारवरच्या नावाच्या कागदी पट्ट्या काढल्या, खुणेसाठी फक्त आकडे ठेवले आणि यादी स्वतःजवळ ठेवली. तीन महिने मी आकडे ओढले. स्वस्त गटातल्या सहापैकी पाच मी बरोबर ओळखल्या. मधल्या आणि महाग गटातल्या बारापैकी बरोबर निघाल्या सात. नाणं उडवून सांगितलं असतं तरी सहाच्या आसपास आल्या असत्या. सर्वांत जास्त गुण दिलेली सिगार महागडीच निघाली, पद्रोन या ब्रँडच्या 1964 मालिकेतली, आणि ती मला आजही आवडते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरावर मधल्या गटातल्या आल्या, आणि एका नामांकित महागड्या सिगारला मी "बहुतेक गठ्ठ्यातली" असं ठरवून टाकलं होतं.

याहून मजेची गोष्ट पुढची. यादी उघडल्यावर उरलेल्या महागड्या सिगार मी पट्टीसकट ओढल्या. नोंदी लगेच फुलल्या. "सीडर", "मध", "रेशमी धूर". पट्टी नसताना त्याच सिगारपुढे दोन शब्दही सुचले नव्हते. वही समोर ठेवून स्वतःच्या जिभेचा हा लबाडपणा वाचणं फारसं सुखाचं नाही. अठरा सिगार म्हणजे काही मोठा प्रयोग नव्हे, आणि माझी जीभही कुणी दाखला द्यावा अशी नाही. पण माझ्या पैशांचा प्रश्न माझ्याच जिभेला विचारायचा होता.

किमतीत पानाखेरीज आणखी काय शिरतं, हे समजायला कोहीबा या क्युबन सिगारची गोष्ट पुरेशी आहे. 1966 मध्ये हवानात ही सिगार सुरू झाली ती कास्त्रो आणि सरकारी पाहुण्यांसाठी. बाजारात आली 1982 मध्ये. तिच्या सेको आणि लिखेरो पानांना लाकडी पिंपात तिसऱ्यांदा आंबवतात, तेव्हा मेहनत जास्त आहे यात वाद नाही. पण 2022 मध्ये तिच्या आणि ट्रिनिदाद या दुसऱ्या क्युबन ब्रँडच्या किमती जगभर एका पातळीवर आणल्या गेल्या, आणि अनेक बाजारांत त्या एका रात्रीत दुपटीच्या पुढे गेल्या. त्या रात्री शेतातलं पान बदललं नव्हतं. पिंपही तेच होतं. वाढला तो मान, आणि तो मोजायला तयार असलेल्या माणसांची संख्या.

क्युबन सिगारच्या वलयामागे बंदीचाही मोठा हात आहे. फेब्रुवारी 1962 मध्ये केनेडींनी क्युबाशी व्यापार बंद करणाऱ्या आदेशावर सही केली. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना हजारभर पेतीत उपमान, म्हणजे छोट्या क्युबन सिगार, गोळा करायला धाडलं होतं. सॅलिंजरनी 1,200 आणल्या, मग सही झाली. ही हकिगत सॅलिंजर स्वतःच सांगत. जे मिळत नाही ते जास्त गोड लागतं, हे राष्ट्राध्यक्षांनाही चुकलं नाही. त्याआधी 1960 मध्ये क्युबातले कारखाने सरकारजमा झाले होते आणि तंबाखूतली अनेक घराणी देश सोडून गेली. डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे त्यांनी नव्याने डाव मांडला. आज मधल्या गटात जी उत्तम सिगार मिळते तिची मुळं बरीचशी त्या स्थलांतरात आहेत. पिनार देल रियो या क्युबातल्या तंबाखूच्या प्रांताची माती त्यांना नेता आली नाही, पण हाताचं कसब नेता आलं. माझ्या आंधळ्या चाचणीत मातीपेक्षा कसबाने बाजी मारली, असं म्हणायला हरकत नाही.

तक्रारही लिहायला हवी. महाग गटातल्या एका पाचांच्या पाकिटातली एक सिगार पूर्ण चोंदलेली निघाली. नाव लिहीत नाही. डबा बरोबर होता, मीठही साक्षीला होतं. गाल आत जाईपर्यंत ओढलं तरी धूर येईना. सुईसारखं एक हत्यार मिळतं, ते आरपार घालून वाट मोकळी करायचा प्रयत्न केला, तर रॅपर उभं फाटलं. मधल्या गटात एकही अशी निघाली नाही, स्वस्तात दोन निघाल्या. स्वस्त सिगार चोंदली तर शिवी देऊन दुसरी पेटवतो. महागडी चोंदली की तासभर तिच्याशी झटत बसतो आणि संध्याकाळ वाया जाते. हा छुपा खर्च कुणी सांगत नाही. नकली मालाचाही धोका याच गटात. काचेच्या झाकणाची कोहीबाची पेटी कुणी देऊ केली तर बोलणं तिथेच थांबवा, तशी खरी पेटी निघतच नाही. क्युबन पेटी घेतलीच तर तळाशी शिक्क्यात कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष पाहा. ताजी असेल तर वर्षभर विसरून जा, यांचा माल बरेचदा कोवळाच बाजारात येतो.

आता न आवडणारा भाग. दातांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत हिरड्या पाहून विचारलं, "काय सुरू केलंय?" मी जरा अभिमानाने म्हटलं, "सिगार, पण छातीत घेत नाही, आणि निखळ पान असतं." त्यांनी मान वर न करता सांगितलं की तोंड, घसा आणि अन्ननलिका मधेच लागतात. एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1998 मध्येच सिगारवर स्वतंत्र ग्रंथ काढून हे धोके मांडले आहेत. पाच वर्षं मुरलेलं पान असो की गठ्ठ्यातलं, जळल्यावर दोघांतून तेच निघतं. किंमत वाढली म्हणून धोका कमी होत नाही. ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांना "घेण्यासारखी आहे का" या प्रश्नाचं माझं उत्तर नाही असंच आहे, कुठल्याही गटाची.

त्या भेटीनंतर महिन्याला चार-पाचवरून दोनवर आलो, आणि गंमत म्हणजे किमतीचं गणितच फिरलं. दोनच ओढायच्या तर स्वस्त घेण्यात अर्थ उरत नाही. पहिला गट कायमचा बंद झाला. महाग गटही जवळपास बंदच, कारण पट्टी काढल्यावर जो फरक मला बारांपैकी सातदाच कळतो, त्यासाठी तिप्पट मोजायची माझी तयारी नाही. ज्याची जीभ माझ्याहून तयार आहे, ज्याला शेवटच्या इंचातला तो स्वच्छपणा दरवेळी जाणवतो, त्याने जरूर मोजावेत. पण आधी कुणाकडून तरी पट्ट्या काढवून घ्या. आणि त्याच्याही आधी मिठाची चाचणी करा. एखादी वर्षातून एकदा भेट म्हणून द्यायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पट्टीचंच मोल असतं आणि समोरचा ती जपून ठेवतो.

डब्यात सध्या नऊ आहेत. सात मधल्या गटातल्या, दोन पद्रोन. पाकिटं मागच्या आठवड्यात बदलली, नवा डिजिटल हायग्रोमीटर 65 दाखवतो आहे, आणि तोही मिठात बसवून आणलेला आहे.